कॉम्प्युटर नको म्हणणारा दादा

शेत पाहून आलो असं कोणी म्हटलं, की बाबा आधी त्याच्या चपलांकडे बघतात. माती लागलेली नसेल, तर पुढचं बोलणं ते नुसतं मान हलवत ऐकून घेतात.

बार्शीटाकळीजवळ आमचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. फुलं अकोल्याच्या बाजारात जातात. तिथे अडत्या म्हणतो, "आज माल लय आला, भाव नाई." मग बाबा अख्खा बाजार फिरून खरंच माल जास्त आहे का, ते बघून येतात. लहानपणी मी त्यांचं बोट धरून फिरायचे. समोरचा काय बोलतो, यापेक्षा तो ते काहून, म्हणजे कशासाठी, बोलतो हे आधी बघायचं, ही सवय मला तिथेच लागली. शाळेतल्या मैत्रिणी मला हवालदारीण म्हणायच्या.

अकरावी-बारावी मी अकोल्याला खोली करून राहिले. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी परत क्लास. कॉलेजात मी कॉम्प्युटर सायन्स विषय घेतला होता. एवढ्यासाठीच घेतला, की त्यामुळे बेडूक कापायचा वर्ग चुकत होता. पण पहिल्याच महिन्यात एक गोष्ट घडली. मी लिहिलेला प्रोग्राम चालेना. बाजूची मुलगी म्हणाली, मशीन बिघडली असेल. मला ते पटलं नाही. मी एकेक ओळ बोटाखाली धरून वाचली. प्रत्येक ओळीला मनात विचारलं, तू खरंच तेच करतेस का, जे तू करतेस असं मला वाटतं? सातव्या ओळीत ती चूक सापडली. त्या दिवशी मी खोलीवर परत येताना एकटीच हसत होते. तोपर्यंत माझ्या संशयी स्वभावाला घरी-दारी नावंच ठेवली जात होती. इथे पहिल्यांदा त्याचं काही काम निघालं.

बारावीचा निकाल बरा लागला, सीईटी जेमतेम. आता पुढचं ठरवायचं होतं. अमरावतीच्या विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स करता येणार होतं. सरकारी, मोठं, घरापासून एका एसटीच्या अंतरावर. मला तेच हवं होतं, आणि हवं होतं म्हणूनच त्यात कुठे काही खोट आहे का, हे मी शोधत बसले होते.

तेवढ्यात क्लासच्या सरांचा बाबांना फोन आला. दोन वर्षं मी या माणसाच्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते. शंका विचारली की "ए मागची, नंतर" एवढंच ऐकलं होतं. आता फोनवर त्यांचा आवाज पाकात बुडवून काढल्यासारखा होता. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला.

"पोरगी हुशार आहे हो तुमची. एक वर्ष रिपीट करू द्या आमच्याकडे. नाहीतर पुण्याला माझ्या ओळखीचं खासगी कॉलेज आहे, तिथं सोय करतो. विद्यापीठात काय ठेवलंय?"

बाबांनी शांतपणे विचारलं, "सर, माह्या पोरीचं नाव काय?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "अहो, इतकी मुलं असतात..."

"बरोबर हाये," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

एवढं सोपं सगळं असतं, तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण मग दादाचा फोन आला.

दादा म्हणजे माझ्या मोठ्या काकांचा मुलगा. आमची दोन घरं एकाच आवारात, मध्ये फुलं भरायची एक शेड. दादा आमच्या घराण्यातला पहिला इंजिनीअर. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. गावात कोणी नवा माणूस आला की काकू पाण्याचा पेला देण्याआधी सांगायच्या, "आमचा पोरगा एसीत बसते." दोन दिवाळ्यांपूर्वी त्यानंच मला त्याचा जुना लॅपटॉप दिला होता. त्यामुळे तो माझ्या बाजूनं बोलेल अशी माझी खात्री होती.

"ऐक माह्यं," तो म्हणाला. "कॉम्प्युटर घेऊ नको. आता मशीनच प्रोग्राम लिहून राहिली. चार वर्षांत त्यात काही राहत नाई. तू अ‍ॅग्री कर, नाईतर डी.एड. कर."

"मंग तू काहून करून राहिला?"

"माह्यं वेगळं हाये."

हे 'माह्यं वेगळं हाये' मला खटकलं. वेगळं म्हणजे काय? मुलगा म्हणून वेगळं? की घरात एकच इंजिनीअर असलेला बरा, म्हणून वेगळं? काकू आईसमोर ज्या सुरात 'आमचा पोरगा' म्हणायच्या, तो सूर मला आठवला. मी ठरवून टाकलं की दादाला माझी बरोबरी नको आहे.

आठवड्याभरात त्याचे तीन फोन आले. प्रत्येक वेळी तेच. कॉम्प्युटर नको. इतकी काळजी कोणाला कोणाची असते? तिसऱ्या वेळी मी फोन कानाला घट्ट लावून ऐकत होते. तो बोलत असताना मागून कोणीतरी लांब हेल काढून ओरडलं, "चलाऽऽ बडनेरा, बडनेरा, बडनेराऽऽ!"

अमरावतीहून बडनेऱ्याच्या स्टेशनला सवाऱ्या नेणारा ऑटोवाला. दुसरीकडे असा हेल नाही.

"दादा, कोठी हाइस तू?"

"हापिसात."

"मंग बडनेरा बडनेरा कोण वरडून राहिला?"

"टीव्ही हाये."

"हापिसात टीव्ही?"

"ठेव आता. मीटिंग हाये मले."

मी फोन हातात धरून शेडच्या खांबाला टेकून उभी राहिले. समोर काकू ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. तिवशाचं एक स्थळ दादासाठी आलं होतं, येत्या रविवारी त्या लोकांचं येणं ठरत होतं आणि त्या खुशीत होत्या. मी त्यांना काहीच बोलले नाही. मनात मात्र भराभर जुळवत गेले. दादा अमरावतीत आहे आणि पुण्यात आहे म्हणून सांगतो. म्हणजे तिथे कोणी मुलगी असणार. कदाचित लग्नसुद्धा करून बसला असेल. आणि मी अमरावतीला शिकायला गेले तर त्याचं बिंग फुटेल, म्हणून त्याला माझं कॉम्प्युटर नको आहे. सगळं कसं चपखल बसत होतं.

प्रवेशाच्या अर्जात कॉलेजचा पर्याय भरायची मुदत जवळ येत होती. एका दुपारी मी फोनमधल्या त्या उत्तरं देणाऱ्या अ‍ॅपलाच विचारलं, मी कॉम्प्युटर सायन्स शिकू का? बाबा शेजारी सुतळी वळत होते. "वाचून दाखव," म्हणाले. मी वाचलं. या क्षेत्रात भरपूर संधी आहेत, तसेच आव्हानेही आहेत, निर्णय तुमच्या आवडीवर अवलंबून आहे.

बाबा म्हणाले, "हा तं दोन्हीकडून बोलते. अडत्या बरा, एका बाजूनं तरी बोलते तो."

मग मी म्हटलं, "बाबा, न पाहता कसं भरू? एकदा जाऊन पाहू द्या."

ही भाषा त्यांना लगेच समजली. दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याहून सकाळची एसटी धरली. मूर्तिजापूरपर्यंत बाबा झोपले, नंतर खिडकीतून दुसऱ्यांची शेतं बघत राहिले. अमरावतीच्या फूलबाजारात त्यांच्या ओळखीचे एक व्यापारी होते. "मी तठी बसतो. तू तुह्यं पाहून ये," ते म्हणाले. सोबत येऊन माझ्या वतीनं बोलायचं नाही, हे त्यांनी आपणहून ठरवलं असावं.

विद्यापीठाचं आवार संपता संपत नव्हतं. झाडी, चढ, मध्येच एखादी इमारत, पुन्हा झाडी. एवढं मोठं बघून मी भारावले आणि लगेच स्वतःला दटावलं. भारावणं हेच तर फसण्याचं पहिलं लक्षण. रस्त्यानं जाणाऱ्या मुली माझ्यासारखंच बोलत होत्या, 'मले' आणि 'तुले'. अकोल्याच्या क्लासात मी हे शब्द दोन वर्षं गिळले होते. बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचाही मला थोडा संशय आला.

विभागात एक प्राध्यापक मॅडम भेटल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. मी कोण, कोणाची, असं काहीही न विचारता त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. मी एका दमात विचारलं, "इथून शिकलं तर नोकरी लागते का?"

"सांगता येत नाही."

"आता मशीनच प्रोग्राम लिहिते म्हणतात."

"लिहिते ना. चल, दाखवते."

त्या मला लॅबमध्ये घेऊन गेल्या. मशीनला त्यांनी सांगितलं, वर्गातल्या मुलांच्या गुणांवरून पहिला नंबर काढायचा प्रोग्राम लिही. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पडदाभर ओळी आल्या. "यात काय चुकू शकतं ते सांग," असं म्हणून त्या दुसऱ्या मुलाच्या मशीनकडे वळल्या.

ओळी सुंदर होत्या, एकही अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. त्यामुळे मी जास्तच सावध झाले. बोट ठेवत खाली आले. मग म्हटलं, "दोघांना सारखेच गुण असले तर हे एकालाच पहिलं काढेल."

"आणखी?"

मला आणखी काही दिसेना.

"वर्गात कोणीच नसलं तर?" मॅडम म्हणाल्या. "रिकामा वर्ग दिला की कोसळेल हे. ते तुला दिसलं नाही. पहिल्यांदा कोणालाच दिसत नाही." मग चष्मा खाली ओढून त्या म्हणाल्या, "पहिली दोन वर्षं गणित खूप आहे. सोसणार नसेल तर येऊ नकोस. घरी जा, विचार कर."

बाहेर आल्यावर मला वाटलं, हीसुद्धा विकायची एक तऱ्हाच असेल. 'येऊ नकोस' म्हटलं की गिऱ्हाईक हटकून येतं. व्हरांड्यात एक मुलगी डबा खात बसली होती, दर्यापूरकडची. तिला विचारलं, "मॅडम सगळ्याईलेच असं म्हणते का?"

"हो वं," ती हसली. "मले तं म्हणे, तू कॉमर्स घे."

मग मी झाडाखाली जाऊन दादाला फोन लावला. "मी अमरावतीत हावो. तूबी अठीच हाइस ना?"

मागचा गलका कमी झाला, तो बाजूला गेला असावा. मग बारीक आवाजात म्हणाला, "घरी सांगतलं?"

"नाई."

"गेटपाशी थांब."

तो आला तेव्हा मी आधी त्याच्या मागे कोणी बाई दिसते का ते बघितलं. एकटाच होता. वाळला होता, दाढी वाढलेली, अंगात कंपनीचा टी-शर्ट, त्यावरची अक्षरं धुऊन धुऊन पुसट झालेली. आम्ही रस्त्यापलीकडच्या टपरीवर बसलो. त्यानं दोन गिलावडे, म्हणजे दह्यात भिजवलेले वडे, सांगितले आणि स्वतःचा नुसता चमच्यानं उकरत राहिला.

"मले काढलं," तो म्हणाला. "होळीच्या आधी. आमची पूर्ण टीमच काढली. सकाळी मीटिंग झाली अन् संध्याकाळी लॅपटॉप जमा."

"मंग अठी काय करून राहिला?"

"अभ्यासिकेत बसतो. स्पर्धा परीक्षा देतो. सकाळी पोराईच्या शिकवण्या घेतो."

"घरी काहून नाई सांगतलं?"

"कसं सांगू? बाबा अख्ख्या गावाले सांगून राहिले. आई तं..."

मी रचलेली गोष्ट धडाधडा कोसळली. चोरून केलेलं लग्न नव्हतं, माझ्याबद्दल मत्सरही नव्हता. समोर बसलेला माणूस घाबरलेला होता आणि त्याला माझीही भीती वाटत होती. मला त्याची कणव आली. पण माझं डोकं गप्प बसणारं नाही. मी विचारलं, "तिले माहीत हाये?"

"कोणाले?"

"तिवशाच्या पोरीले."

तो बशीकडे बघत म्हणाला, "लग्नापर्यंत नवी नोकरी लागीनच."

"अन् नाई लागली तर? तिच्या जागी मी असती तर, दादा? माह्यासाठी असं स्थळ आलं असतं तर तूच चौकशी केली असती ना?"

त्यानं बशी बाजूला सारली.

"पावणे येयाच्या आधी घरी सांग. तू नाई सांगतलं तर मी सांगीन."

"धमकी देऊन राहिली मले?"

"हो."

तो ताडकन उठला, दोन पावलं गेला, मग परत येऊन बसला. "लय बदमाश हाइस तू," म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

परतीच्या एसटीत बाबांनी विचारलं, "काय पाहिलं?" मी मॅडमचं, लॅबचं, रिकाम्या वर्गाचं सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "अन् आणखी?"

"काई नाई."

"बरं," ते म्हणाले. माझ्या बाबांचं 'बरं' म्हणजे त्यांनी ते मानलेलं नाही, पण थांबायला तयार आहेत.

त्यानंतरचे दिवस मला फार जड गेले. शेडमध्ये काम करताना माझं लक्ष रस्त्याकडे. दादाचा फोन नाही, निरोप नाही. तो सांगणार नाही याची मला रोज नव्यानं खात्री पटायची. काकूंनी घर सारवून घेतलं, पडदे धुतले. मी त्यांना पडदे पिळायला मदत केली आणि त्यांच्या नजरेला नजर देऊ शकले नाही.

शनिवारी दुपारी आवारापाशी ऑटो थांबला. दादा उतरला तो सरळ शेडमध्ये आला. काका प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये शेवंती भरत होते, बाबा पोत्याला टाके घालत होते. दादानं बॅगही खाली ठेवली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काका मान वर न करता फुलं भरतच राहिले. कॅरेट शिगेला आलं, फुलं बाहेर पडू लागली, तरी हात थांबेना. शेवटी बाबांनी त्यांचा हात धरला.

काकू धावत आल्या. "उद्याचं होऊ द्या," त्या रडत म्हणू लागल्या. "पावणे येऊन जाऊ द्या, मंग पाहू. कोणाले काय कळते?"

काकांनी खिशातून फोन काढला आणि तिवशाला लावला. "पोराची नोकरी गेली हाये," ते म्हणाले. "आमालेबी आत्ताच कळलं. येयाचं तर या, नाईतर राग नाई."

ते लोक आले नाहीत. स्थळ मोडलं. मी सांगायला लावलं हे दादाच्या तोंडून निघून गेलं, आणि काकूंनी माझ्याशी बोलणं टाकलं. आईला मात्र मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "तुह्या पोरीले कोणाचं बरं पाहावत नाई." मला ते लागलं. पण तिवशाच्या त्या मुलीचा चेहरा मी कधी पाहिलेला नसूनही माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि त्या चेहऱ्यापुढे मला काही वावगं केल्यासारखं वाटत नव्हतं.

आता माझा प्रश्न जास्तच अवघड झाला. काका एका संध्याकाळी ओट्यावर येऊन बाबांना म्हणाले, "घरातच पाहिलं ना काय होते ते? अन् तू पोरीले तेच शिकवाले निघाला. काहून?"

बाबांनी दादाला हाक मारली, मला हाक मारली, समोरासमोर बसवलं. "तुले काय येत होतं अन् काय येत नवतं, ते सांग," ते दादाला म्हणाले.

दादा मांडी घालून नीट बसला. मग बोलू लागला. कॉलेजात शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट त्यांनी बाहेरून तयार आणलं होतं. गणितात तो काठावर पास होत गेला. कंपनीत गेल्यापासून एकच काम केलं, तेच येत होतं, आणि ते काम मशीन करू लागली.

"मंग इनं शिकावं का नाई?" बाबांनी विचारलं.

"मी नाई म्हणत होतो, कारण मले भीती वाटे," दादा म्हणाला. "हिचंबी असंच झालं तर तेबी माह्याच डोक्यावर येईन. पण खरं विचारता तं, काका, मले माहीत नाई."

मॅडम सोडल्या तर आतापर्यंत सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला सगळं माहीत होतं. सरांना माहीत होतं, मी रात्री ऐकत बसायचे त्या यूट्यूबवरच्या माणसांना माहीत होतं, फोनवरच्या दादालाही माहीत होतं. घरच्या माणसाकडून 'मला माहीत नाही' हे मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि त्यात मला खोट सापडली नाही.

बाबा माझ्याकडे वळले. "तुले काहून पायजे ते?"

मी मनात मोठमोठी उत्तरं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "मले चुका शोधाले आवडते," मी म्हटलं.

आतून आई म्हणाली, "हे तं अख्ख्या गावाले माहीत हाये."

काकासुद्धा हसले, इच्छा नसताना.

त्या रात्रीची जेवणं व्हायच्या आत मी पर्याय भरला. आता माझं दुसरं वर्ष चालू आहे. तिवशाच्या मुलीचं लग्न दुसरीकडे झालं, असं ऐकलं. दादानं परीक्षांचा नाद सोडला, आता तो अकोल्यात एका छोट्या संस्थेत मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. पगार तेव्हाच्या मानानं काहीच नाही, असं काकू आजही म्हणतात. अलीकडे हे त्या मलाही ऐकवतात, म्हणजे आमचं बोलणं सुरू झालं आहे. आणि हा विषय घेऊन मी चूक केली की बरोबर, हे मला अजून ठाम सांगता येत नाही. वर्गात कोणी फार आत्मविश्वासानं बोललं की मी आजही थोडी सरकून बसते.

पहिल्या वर्षी गणिताच्या पहिल्या चाचणीत मी सपशेल आपटले. मॅडमनी खरं तेच सांगितलं होतं. हॉस्टेलच्या जिन्यात बसून मी रडले आणि मग दादाला फोन केला. प्रश्न वाचून दाखवला.

"थांब," तो म्हणाला. "हे मलेबी येत नाई. करून पायतो."

रविवारी त्यानं वहीचं पान फोटो काढून पाठवलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, खोडाखोडीनं काळं झालेलं. मी ते ओळीओळीनं तपासलं. अर्ध्यावर आले आणि फोन लावला.

"दादा, अठी अधिक नाई, उणे पायजे. पुढचं सगळं चुकलं."

त्यानं ती ओळ पुटपुटत पुन्हा वाचली. मग हसायला लागला, मोठ्यानं, कितीतरी दिवसांनी. "हो ना वं," म्हणाला. "आता तूच सांग, पुढं काय येते?"